बोरघाटांतली रेल्वे : डागडुजी कीं नवी मांडणी?

घरांतलें एखादें यंत्र जुनें झालें, म्हणजे घरच्या माणसांत एक ठराविक वाद सुरू होतो. कपडे धुण्याच्या यंत्राचेंच उदाहरण घ्यावें. दहा-बारा वर्षें तें बिनतक्रार चालतें. मग एके दिवशीं त्यांतलें पाणी बाहेर पडेनासें होतें. कारागीर येतो, नळी साफ करतो, पैसे घेऊन जातो. दोन महिन्यांनीं पट्टा तुटतो. पुन्हां कारागीर, पुन्हां पैसे. घरांतला एक पक्ष म्हणतो, ‘अजून चालतें आहे, तोंवर चालवूं.’ दुसरा पक्ष म्हणतो, ‘या जुन्यावर ओतलेल्या पैशांत नवें आलें असतें.’ दोन्ही पक्ष हिशेब मांडतात, पण तो बहुधा एकाच प्रकारचा असतो : दुरुस्तीला किती पडतील आणि नव्याला किती पडतील. जुन्या यंत्रापायीं घरांतलीं बाकीचीं किती कामें खोळंबतात, हा आंकडा त्या हिशेबांत क्वचितच धरला जातो.

हाच वाद मावळांतल्या डोंगरकड्यावर फार मोठ्या प्रमाणावर होऊन गेलेला आहे. खंडाळ्याच्या खालीं, बोरघाटांत, रेल्वेची एक अवघड रचना होती. ती १८६३ सालीं वापरांत आली आणि १९२९ सालीं मोडींत निघाली. मधल्या ६६ वर्षांत तिला किती ठिगळें लागलीं, आणि अखेरीस ती बदलावी असें ठरलें तें कशामुळें, याची हकीकत लोणावळ्याला जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकास ठाऊक असावी अशी आहे.

कोंकणांतून देशावर चढण्याची अडचण जुनीच. बोरघाटांतून गाडीरस्ता तयार होऊन तो मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या हस्तें १० नोव्हेंबर १८३० रोजीं खुला झाला. त्यापूर्वीं बैलांच्या पाठीवरून आणि हमालांच्या डोक्यावरून जो माल जात असे, तो त्या दिवसापासून चाकांवरून जाऊं लागला. पुढें १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदर ते ठाणें ही पहिली आगगाडी धांवली, आणि तीन वर्षांत, म्हणजे १२ मे १८५६ रोजीं, रूळ घाटाच्या पायथ्याशीं खोपोलीपर्यंत पोंचले. वरच्या अंगाला खंडाळा ते पुणें हा मार्ग १४ जून १८५८ रोजीं सुरू झाला. मधला घाट मात्र तसाच राहिला. मुंबईहून निघालेला उतारू खोपोलीस उतरे. तेथून पालखी, तट्टू किंवा बैलगाडी करून खंडाळ्यास चढे. आणि तेथें पुन्हां आगगाडींत बसे. दोन्ही टोंकांना वाफेचें युग आणि मध्यें पेशवाईंतला प्रवास, अशी ती स्थिति पांच वर्षें चालली.

घाटांतल्या कामाचा मुख्य आंखणारा म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा इंजिनियर जेम्स जॉन बर्कले. काम १८५६ च्या जानेवारींत सुरू झालें. पायथा समुद्रसपाटीपासून १९६ फूट आणि माथा २,०२७ फूट. म्हणजे १,८३१ फूट चढावयाचें, आणि तेंहि सोळा मैलांच्या आंत. एवढ्या अंतरांत २५ बोगदे खोदावे लागले व ८ मोठे पूल बांधावे लागले. सर्वांत कडक चढ ३७ फुटांस एक फूट असा ठेवावा लागला. साध्या रस्त्यावर हा चढ बैलालाहि जाणवणार नाहीं, परंतु लोखंडी रुळावर लोखंडी चाक चढवावयाचें म्हणजे तो फारच भारी पडतो. एकंदर खर्च सुमारें अकरा लक्ष पौंड झाला.

पैशांचा हा आंकडा पुस्तकांतून सांपडतो. माणसांचा हिशेब तितक्या काटेकोरपणें कोणीं ठेवला नाहीं. कड्यावर उभें राहावयास जागा नसे, तेथें मजूर दोरांनीं खालीं सोडीत. लोंबकळत त्यांनीं सुरुंगाचीं भोकें पाडावयाचीं. पटकीच्या सांथींत माणसें भराभर मेलीं. पहिला कंत्राटदार फॅव्हिएल याच्या कारकिर्दींत, १८५९ च्या आरंभीं, मजुरीच्या पैशांवरून मोठा दंगा झाला व त्यानें लवकरच कंत्राट सोडलें. त्याच्या जागीं सॉलोमन ट्रेडवेल आला, तो मुंबईस उतरल्यावर थोड्याच दिवसांत वारला. तेव्हां त्याची पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल हिनें कंत्राट आपल्याकडे घेऊन तें हाताखालच्या इंजिनियरांकरवीं तडीस नेलें. १८६१ च्या जानेवारींत या एका घाटावर ४२,००० माणसें काम करीत होतीं. मावळांतल्या कोणत्याहि गांवाची वस्ती त्या काळीं त्याच्या जवळपास नसेल. २१ एप्रिल १८६३ रोजीं गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांनीं मार्ग खुला केला. बर्कलेच्या नशिबीं तें पाहणें नव्हतें. तो आदल्या वर्षींच विलायतेंत वारला होता.

या रचनेंतला खरा चमत्कार, आणि पुढच्या सर्व त्रासाचें मूळहि, म्हणजे रिव्हर्सिंग स्टेशन. डोंगराची एक निमुळती सोंड पुढें आलेली. तिच्यावरून गाडी वळवून नेण्यापुरती जागा नाहीं. गाडीला लहान वळण चालत नाहीं, मोठें वळण घ्यावें तर खालीं दरी. तेव्हां बर्कलेनें युक्ति काढली ती अशी कीं, गाडीनें चढत येऊन त्या सोंडेवरच्या सपाट जागीं थांबावें. इंजिन एका टोंकाचें काढून दुसऱ्या टोंकाला लावावें. आणि मग ज्या दिशेनें गाडी आली तिच्या उलट दिशेनें, पण निराळ्या रुळावरून, पुढचा चढ चढावा. शिडाच्या होडीला वारा समोरून असला म्हणजे नावाडी जशी नागमोडी चाल धरतो, त्यांतलाच हा प्रकार. कसाऱ्याच्या थळ घाटांतहि हीच युक्ति योजिली होती. त्या काळच्या साधनांनीं आणि त्या काळच्या पैशांत याहून चांगला तोडगा निघाला असता असें म्हणवत नाहीं. बर्कलेला दोष देणारे पुढें पुष्कळ निघाले. परंतु ज्यांच्या हातांत पहार, सुरुंगाची दारू आणि दोर एवढींच साधनें होतीं, त्यांच्या कामाचें मोल यंत्रांनीं बोगदे कोरणाऱ्या पिढीच्या मापानें करूं नये.

रचना चार वर्षें जुनी होते न होते तोंच पहिला तडाखा बसला. १८६७ च्या जुलै महिन्यांत, ऐन पावसाळ्यांत, घाटांतला एक मोठा दगडी पूल कोसळला. इंग्रजी कागदपत्रांत त्याचें नांव ‘म्हाऊ-की-मल्ली’ असें येतें. येथें डागडुजीचा प्रश्नच उरला नव्हता, कारण डागडुजी करावयास पूल शिल्लक नव्हता. पण त्याहून महत्त्वाचें पुढें निघालें. एक पूल पडला म्हणून या कंपनीचे बाकीचे पूल तपासले गेले, तेव्हां घाईनें केलेलें कच्चें बांधकाम ठिकठिकाणीं उघडकीस आलें, आणि बरेच पूल दुरुस्त करावे किंवा पुन्हां उभारावे लागले.

झीज आणि खोट यांतला भेद येथें स्पष्ट होतो. वापरानें जें झिजतें, तें झिजलेला भाग बदलून नीट होतें. त्याला कितीहि वेळां हात लावला तरी तो पैसा वायां जात नाहीं. धुण्याच्या यंत्राचा पट्टा हा असा भाग आहे. परंतु जें मुळांतच खोटें बांधलें गेलें, तें एका ठिकाणीं सांधलें म्हणजे दुसऱ्या ठिकाणीं उकलतें. चार वर्षांच्या पुलाला जुना कोण म्हणेल? तरी तो बदलावा लागला. उलट त्याच घाटांतले कड्याच्या पोटांत खोदलेले अनेक बोगदे दीड शतकानंतरहि गाड्या नेत आहेत. वय हें बदलण्याचें कारण होऊं शकत नाहीं, असा याचा अर्थ.

दुसरा तडाखा १८६९ च्या जानेवारींत बसला. उतरणारी एक गाडी ताब्यांत राहिली नाहीं, आणि रिव्हर्सिंग स्टेशनावर थांबण्याऐवजीं तशीच पुढें जाऊन त्या सोंडेच्या टोंकाशीं कोसळली. माणसें दगावलीं. बर्कलेच्या युक्तींतलें मर्मस्थान नेमकें हेंच होतें : जी गाडी वेळेवर थांबली नाहीं, तिच्यापुढें रूळ संपत होते व दरी लागत होती.

अशा प्रसंगीं रचना बदलतां येत नसेल तर नियम बदलतात. उतारावर ठराविक जागीं मुख्य मार्गापासून फुटून डोंगराकडे चढत जाणारे आखूड रूळ घातलेले असतात. त्यांना कॅच-सायडिंग म्हणतात. कांटा नेहमीं त्या आखूड रुळाच्या बाजूला लावलेला. उतरणाऱ्या गाडीनें तेथें थांबून, ती ताब्यांत आहे अशी खात्री पटविल्यावरच कांटेवाल्यानें तिला मुख्य मार्ग द्यावयाचा. गाडी सुटलेली असेल तर ती आपोआप चढावर जाऊन दम तोडते. ही व्यवस्था शहाणपणाची आहे यांत शंका नाहीं. पण तिचा अर्थ असा कीं, दगडाच्या आणि लोखंडाच्या रचनेंत जी उणीव राहिली, ती कांटेवाला, गार्ड आणि ब्रेकवाला यांच्या जागरणानें भरून काढावयाची. आषाढांतल्या धुक्यांत, दहा हातांवरचा कंदील दिसत नाहीं अशा रात्रीं, घाटांतल्या चौकींत बसून कोणी तरी रोज ही दुरुस्ती करीत होतें. ती कोणत्याहि खर्चाच्या वहींत ‘दुरुस्ती’ या सदराखालीं पडली नाहीं.

असें सहा तपें चाललें म्हटलें तर वावगें होणार नाहीं. खरें तर साडेपांच. या अवधींत रिव्हर्सिंग स्टेशन मोडलें नव्हतें, पडलें नव्हतें, त्याचे दगड ढांसळले नव्हते. कोणी परीक्षा घेतली असती तर तें उत्तम स्थितींत आहे असाच दाखला मिळाला असता. बिघडलें होतें तें त्याच्या भोंवतालचें जग. १८६३ सालीं ज्या गाड्या घाट चढत, त्या आखूड व हलक्या होत्या. पुढें मुंबईचें बंदर वाढलें, गिरण्या वाढल्या, कापूस व धान्य देशावरून उतरूं लागलें, रेल्वेचा फांटा रायचूरकडून मद्रासच्या मार्गाला मिळाला. गाड्यांची लांबी व वजन दोन्ही वाढत गेलीं. पण सोंडेवरच्या सपाट जागेंत जितके डबे मावतील, तितक्याच डब्यांची गाडी घाट चढूं शके. आणि प्रत्येक गाडीला, ती टपालाची असो कीं मालाची, तेथें थांबून इंजिनांची अदलाबदल करणें भाग असे. कड्यावरची ती एक अरुंद पट्टी मुंबईपासून मद्रासपर्यंतच्या वाहतुकीचें माप ठरवीत होती.

मग तें आधींच कां बदललें नाहीं? त्याचें एक कारण कंपनीच्या करारांत आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुलाच्या भागीदारांना सरकारनें भांडवलावर शेंकडा पांच टक्के व्याजाची हमी दिलेली होती. मिळकत कमी झाली तर भर सरकारी तिजोरींतून, म्हणजे रयतेच्या पैशांतून, पडत असे. ज्याला खोळंब्याची झळ लागत नाहीं, त्याला खोळंबा दिसत नाहीं. १९०० सालीं सरकारनें रेल्वे विकत घेतली, तरी कारभार कंपनीकडेच ठेवला. तो १ जुलै १९२५ पासून सरकारनें स्वतःकडे घेतला. बदल त्यानंतर चार वर्षांत पुरा झाला. सगळें श्रेय या एका गोष्टीला देणें न्याय्य होणार नाहीं, कारण विजेची योजना त्याआधींच आंखली गेली होती. पण दोन तारखा इतक्या जवळ पडतात, तें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

विजेची गोष्ट निघाली म्हणजे लोणावळ्याचें नांव पुन्हां पुढें येतें. रेल्वेच्या आधीं याच घाटांत दुसऱ्या एका यंत्राविषयीं हाच प्रश्न सुटला होता. मुंबईच्या कापडगिरण्या वाफेवर चालत. प्रत्येक गिरणीचें स्वतःचें बॉयलर, स्वतःचें इंजिन, स्वतःचा कोळसा आणि स्वतःचा धूर. लोणावळ्याच्या आसपास बांध घालून पावसाचें पाणी अडवावें, तें नळांतून खोपोलीस सोडावें, आणि त्या जोरावर वीज काढून मुंबईस न्यावी, ही कल्पना जमशेटजी टाटांच्या डोक्यांत घोळत होती. ते १९०४ सालीं वारले. पायाचा दगड ८ फेब्रुवारी १९११ रोजीं लोणावळ्यास गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनीं बसविला, आणि बरोबर चार वर्षांनीं, ८ फेब्रुवारी १९१५ रोजीं, लॉर्ड विलिंग्डन यांनीं खोपोलीचा प्रवाह सुरू केला. लोणावळा, वळवण आणि शिरवता हे तीन तलाव त्या योजनेचे. पाणी सुमारें १,७०० फूट खालीं पडतें व चक्रें फिरवितें.

गिरणीवाल्यांपुढचा प्रश्न गृहिणीपुढच्या प्रश्नासारखाच होता. बॉयलर अजून चालत होता. त्याचे पैसे फिटलेले होते. तो मोडींत काढावयाचा आणि दुसऱ्याच्या तारेवर अवलंबून राहावयाचें, हें सर्वांना एकदम पटलें नाहीं. तरी जसजशी वीज स्वस्त आणि भरंवशाची ठरली, तसतशीं इंजिनें थंड झालीं. येथें हिशेबाचें आणखी एक सदर निघतें, आणि तें मावळच्या माणसाला चांगलें ठाऊक आहे. मुंबईचीं जुनीं इंजिनें बदललीं, पण त्या बदलाचा एक भाग ज्यांनीं भरला त्यांची मुंबईंत गिरणी नव्हती. त्यांचीं भातखाचरें तलावांच्या पोटांत गेलीं. पुढें शेजारच्या मुळशी पेट्यांत याच कारणावरून १९२१ सालीं सत्याग्रह झाला, आणि त्याचे पुढारी पांडुरंग महादेव बापट यांना लोक सेनापति म्हणूं लागले. धरण झालेंच. नवें यंत्र घेतांना जुन्याचा खर्च वांचला हें मालक सांगतो; नव्याची किंमत कोणीं कोणीं दिली, हें शेजाऱ्यापाशीं विचारावें लागतें.

असो. रेल्वेनें वीज प्रथम वापरली ती ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं, मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या मार्गावर. पुण्यापर्यंतच्या मार्गाला तारा लावावयाच्या ठरल्या, तेव्हां घाटाचा प्रश्न टाळतां येण्यासारखा राहिला नाहीं. विजेचें इंजिन वाफेच्या इंजिनापेक्षां पुष्कळ अधिक वजन ओढतें. पण गाडीची लांबी जर सोंडेवरची पट्टीच ठरविणार, तर त्या जोराचा उपयोग काय? दर गाडीला पूर्वींसारखेंच थांबून उलट फिरावयाचें असेल, तर नव्या वेगाचा उपयोग काय? नवीन इंजिन जुन्या स्टेशनांत आणून उभें करणें म्हणजे धुण्याचें मोठें यंत्र घेऊन त्याला जुन्या बारीक नळाचेंच पाणी देण्यासारखें होतें. तेव्हां विजेबरोबर मार्गहि बदलावयाचें ठरलें. मंकी हिल आणि खंडाळा यांच्या दरम्यान डोंगरांतून नवे बोगदे कोरून सरळ चढत जाणारी वाट काढली, आणि १९२९ सालीं पुण्यापर्यंत विजेच्या गाड्या सुरू झाल्या. त्याच वर्षीं रिव्हर्सिंग स्टेशन बंद झालें.

या घाटासाठीं जीं मालगाडीचीं विजेचीं इंजिनें आलीं, त्यांची हकीकत सांगितल्याशिवाय राहवत नाहीं. एकंदर ४१ इंजिनें होतीं. पहिलीं कांहीं स्वित्झर्लंडांत विंटरथुर येथें बांधलीं, बाकीचीं विलायतेंत व्हल्कन फाउंड्रींत. तीन तुकडे सांध्यांनीं जोडलेलें लांबट अंग, दोहों बाजूंना पुढें आलेलीं नाकाडें, आणि चाकांना बाहेरून जोडलेले दांडे. वळणावर अंग लववून जाण्यासाठीं ही योजना. स्विस लोक आपल्या अशा इंजिनांना सुसर म्हणतात. आपल्याकडच्या रेल्वेच्या माणसांनीं त्याला खेंकडा म्हटलें. वजन सव्वाशें टनांच्या आसपास आणि जोर २,६०० घोड्यांचा. यांतली खरी गंमत उतारावर दिसे. उतरतांना त्याच्या मोटारी उलट वीज निर्माण करून ती तारेंत परत सोडीत. त्यामुळें गाडी आवरली जाई, ब्रेकचे ठोकळे झिजत नसत, आणि ती परत आलेली वीज समोरून चढणाऱ्या गाडीच्या उपयोगी पडे. वाफेच्या काळीं उतार म्हणजे केवळ भय होतें. त्याच उताराची आतां मिळकत झाली.

बदल खरोखरच फळला कीं नाहीं, याचें उत्तर वर्षभराच्या आंत मिळालें. १ जून १९३० रोजीं मुंबई-पुणें ‘डेक्कन क्वीन’ सुरू झाली. रिव्हर्सिंग स्टेशनाच्या काळांत अशा गाडीची कल्पना कोणी केली असती तर त्याला हंसले असते. पुण्यास राहून मुंबईस कामास जाणारा वर्ग त्या गाडीनें निर्माण केला. लोणावळ्याचेंहि रूप पालटलें. सठीसामाशीं हवा खाण्यास जाण्याचें तें ठिकाण हळूहळू शनिवार-रविवारचें झालें. तें सर्वांच्या सुखाचें झालें कीं काय, हा प्रश्न लोणावळेकरांनीं सोडवावा.

या गाडीचे मूळचे डबे १९६६ सालीं काढून पेरांबूरच्या कारखान्यांत बांधलेले पोलादी डबे आले, आणि २०२२ च्या जूनमध्यें तेहि जाऊन आणखी नवे आले. दोन्ही वेळां उपाहाराचा डबा मात्र राखला गेला. व्यवहाराच्या दृष्टीनें तो नसता तरी गाडी धांवली असती. परंतु उतारूंची माया त्यावर होती, आणि रेल्वेनें ती मानली. बदलतांना काय ठेवावें, याचाहि निर्णय करावा लागतो, आणि तो दर वेळीं कारागिराच्या हातीं नसतो.

खेंकड्यांचा शेवट कसा झाला तें पाहण्यासारखें आहे. १९७० च्या दशकांत चित्तरंजनच्या कारखान्यांतून देशी बनावटीचीं नवीं इंजिनें घाटांत आलीं. जुनीं एकदम भट्टींत गेलीं नाहींत. घाट चढण्याचें काम त्यांच्याकडून काढून घेतलें, आणि मुंबईच्या यार्डांत डबे इकडून तिकडे करण्याचें हलकें काम त्यांना दिलें; तेथें तीं आणखी बरींच वर्षें राबलीं. ज्याच्यानें घाट चढवत नाहीं त्याच्यानें सपाटीवरचें काम होत नाहीं असें थोडेंच आहे? त्यांतलें ‘सर लेस्ली विल्सन’ नांवाचें एक इंजिन आज दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयांत उभें आहे. पुढें एकविसाव्या शतकांत तारेंतला प्रवाहच बदलला : १,५०० व्होल्टचा एकदिश प्रवाह जाऊन २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह आला, आणि त्याबरोबर चित्तरंजनच्या त्या इंजिनांचाहि या घाटांतला अंमल संपला. तीं जुनीं झालीं होतीं हें खरेंच. पण तीं गेलीं तीं मुख्यतः तारेमुळें.

रेल्वेच्या शेजारीं, द्रुतगति मार्गावर, अशीच एक गोष्ट अलीकडे घडली. लोक ज्याला अमृतांजन पूल म्हणत, तो इंग्रजी अमदानींतला दगडी पूल मार्गाच्या आडवा उभा होता. वाहनें त्याच्या खालून जात, आणि त्याच्या जाड खांबांमुळें तेथें रस्ता अरुंद होऊन खोळंबा व अपघात होत. पूल वापरांत नव्हता, पडलाहि नव्हता. तो ठेवावा असें म्हणणारे होते, पाडावा असें म्हणणारेहि होते. २०२० च्या एप्रिलमध्यें टाळेबंदीमुळें रस्ता ओस पडला, ती संधि साधून ५ एप्रिल रोजीं तो सुरुंगांनीं पाडण्यांत आला. रिव्हर्सिंग स्टेशनाचें आणि याचें दुखणें एकच होतें : स्वतः धडधाकट, पण भोंवतालच्यांना अडचण. फरक एवढाच कीं, त्या स्टेशनाला निदान पडीक होऊन डोंगरावर राहतां आलें. पुलाला तेवढीहि जागा उरली नव्हती.

खोपोलीच्या जुन्या मार्गाचेंहि नांव घेतलें पाहिजे. १८६३ सालीं मुख्य मार्ग पळसदरीवरून घाटाकडे वळला, तेव्हां खोपोलीचे रूळ निरुपयोगी झाले असें कोणालाहि वाटलें असतें. ते उखडले नाहींत. आज कर्जत-खोपोली ही शाखा म्हणून तेच टोंक रोजच्या लोकलगाड्यांच्या उपयोगी पडतें आहे.

आणि इतक्या सगळ्या बदलांतून एक गोष्ट मुळींच बदललेली नाहीं, ती म्हणजे चढ. नवे बोगदे कोरले, वाफ गेली, वीज आली, विजेची जात पालटली. पण सदतिसास एक हा चढ बर्कलेनें सोडला तसाच आहे. तो सौम्य करावयाचा म्हणजे घाट नव्यानेंच बांधावा लागेल. म्हणून उतरणाऱ्या गाड्या आजहि ठराविक जागीं ब्रेकच्या परीक्षेसाठीं थांबतात. पावसाळ्यांत दरडींवर गस्त घालणारीं माणसें रुळांवरून पायीं हिंडत असतात. २०१९ च्या अतिवृष्टींत मंकी हिलच्या खालच्या भागांत एका पुलाला धक्का पोंचला, तेव्हां एक मार्ग पुढच्या वर्षाच्या आरंभापर्यंत बंद ठेवून काम करावें लागलें, आणि मुंबई-पुण्याच्या कित्येक गाड्या तोंपर्यंत रद्द झाल्या किंवा आखूड केल्या गेल्या.

मुंबईहून येणाऱ्या बहुतेक गाड्या आजहि कर्जतला थांबतात. मागच्या बाजूस ढकलणारीं इंजिनें जोडलीं जातात. तेवढ्या वेळांत उतारू खालीं उतरून वडे घेतात, आणि कर्जतच्या वड्याचा लौकिक हा मुळांत या चढाचाच प्रसाद आहे. मग पुढून ओढत व मागून ढकलत गाडी पळसदरी, जांबरूंग, ठाकूरवाडी, नागनाथ करीत मंकी हिलला येते. तेथून पुढें बोगद्यांच्या मधल्या उजेडांत जुन्या मार्गाची सोंड क्षणभर दिसते न दिसते, तोंच खंडाळा येतें. लोणावळ्यास मागचीं इंजिनें सुटतात, आणि पुढच्या गाडीसाठीं घाट उतरून पुन्हां कर्जतला जातात.